मुलांना ऑनलाइन सभ्यता शिकवायची म्हणजे नेमके काय शिकवायचे?

१० डिसेंबर २०२५ रोजी ऑस्ट्रेलियात एक कायदा लागू झाला आणि त्याची चर्चा जगभर सुरू झाली. सोळा वर्षांखालील मुलांना इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, फेसबुक, यूट्यूब यांसारख्या समाजमाध्यमांवर स्वतःचे खाते ठेवता येणार नाही आणि अशी खाती राहू नयेत यासाठी कंपन्यांनी पुरेशी पावले उचलली नाहीत, तर त्यांना ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, असे हा कायदा सांगतो. दंड कंपनीला आहे; मुलाला किंवा पालकांना नाही. इतर ठिकाणी वयाची रेघ वेगळीकडे ओढलेली आहे. अमेरिकेने १९९८ मध्ये केलेल्या कायद्यानुसार तेरा वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा करता येत नाही, आणि बहुतेक ॲप खाते उघडताना तेरा वर्षे पूर्ण झाली आहेत का, असे विचारतात ते त्यामुळेच. युरोपीय संघाने ही मर्यादा सोळा ठेवली, पण सदस्य देशांना ती तेरापर्यंत खाली आणण्याची मुभा दिली. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने तर अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले असून, त्याची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची खात्रीशीर संमती घ्यावी, असे म्हटले आहे.

तेरा, सोळा की अठरा हा वाद महत्त्वाचा आहे, पण त्यात एक गोष्ट राहून जाते. वाहन चालवण्यासाठीही वयाची अट असते. मात्र ते वय पूर्ण झाले म्हणून कोणी थेट गाडी घेऊन रस्त्यावर येत नाही. आधी शिकाऊ परवाना मिळतो, जाणते माणूस शेजारी बसते, चुका कमी वेगात आणि कोणाच्या तरी देखत होतात, आणि मग पक्का परवाना हाती येतो. ऑनलाइन जगासाठी आपण वयाची अट घातली, शिकाऊ परवान्याची सोय मात्र केली नाही. ज्या दिवशी बंधन उठते त्या दिवशी मुलाला काय काय यायला हवे, हे कोणताच कायदा सांगत नाही. शिवाय ऑस्ट्रेलियाच्या बंदीतून व्हॉट्सॲपसारखी केवळ निरोपांची देवाणघेवाण करणारी ॲप वगळलेली आहेत, आणि मुलांमधले टोमणे, चिडवाचिडवी आणि ‘तिला सोडून’ नवा ग्रुप काढण्याचे प्रकार नेमके तिथेच घडत असतात.

म्हणून या लेखात बंदीपेक्षा त्या शिकाऊ काळाचा विचार केला आहे.

समोर शहाणे असलेले मूल फोनवर उर्मट का होते?

शिक्षकांना आणि पालकांना हा अनुभव चक्रावून टाकतो. जे मूल समोरासमोर कधी वावगा शब्द बोलत नाही, त्याच्याच फोनवरून गेलेले निरोप वाचवत नाहीत. मग पहिला विचार असा येतो की, मुलाचा खरा स्वभाव हाच असावा आणि घरी तो आपल्यापासून लपवला जात असावा. तसे क्वचित असतेही, पण बहुतेक वेळा कारण साधे असते.

जॉन सुलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने २००४ मध्ये या प्रकाराची नीट मांडणी केली. प्रत्यक्षात वागताना माणसाला जो संकोच आवरून धरतो, तो पडद्यासमोर सैल पडतो. याला ऑनलाइन निःसंकोचता म्हणता येईल. आपले नाव झाकलेले असते, आपला चेहरा समोरच्याला दिसत नाही, त्याचे उत्तर लगेच येत नाही, मोठे माणूस तिथे हजर नसते, आणि हे सगळे जरा खेळासारखे वाटते, अशी कारणे सुलर यांनी नोंदवली. या निःसंकोचतेची चांगली बाजूही त्यांनी सांगितली आहे. वर्गात हात वर करायला लाजणारे मूल ऑनलाइन मोकळेपणी शंका विचारते, मनातली भीती बोलून दाखवते. वाईट बाजू आपल्याला ठाऊक आहेच.

या कारणांपैकी सर्वांत मोठे कोणते? इस्रायलमधील हैफा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांच्या जोड्यांना संगणकावरून एका वादग्रस्त प्रश्नाची चर्चा करायला लावली. काही जोड्यांमध्ये नावे लपवली होती, काहींमध्ये एकमेकांचे चेहरे दिसत नव्हते, काहींमध्ये एकमेकांच्या नजरेला नजर भिडत नव्हती. चर्चेची भाषा बिघडण्यात सर्वांत मोठा वाटा नाव लपवण्याचा नसून नजरानजर नसण्याचा होता. मुलांच्या बाबतीत हा निष्कर्ष फार उपयोगाचा आहे, कारण वर्गाच्या ग्रुपमध्ये कोणीच निनावी नसते. सगळे सगळ्यांना ओळखतात. नसतो तो फक्त समोरच्याचा पडलेला चेहरा. एरवी आपण बोलता बोलता समोरच्याच्या डोळ्यांत पाणी आले तर अर्ध्या वाक्यात थांबतो. ऑनलाइन तो ब्रेकच नसतो.

दुसरी अडचण सुराची. २००५ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात लोकांना काही वाक्ये उपहासाने आणि काही मनापासून, अशी दोन्ही प्रकारे दुसऱ्याला कळवायला सांगितली. ईमेलने पाठवताना त्यांना वाटले की, समोरच्याला आपला रोख सुमारे ७८ टक्के वेळा बरोबर कळेल. प्रत्यक्षात तो ५६ टक्के वेळाच कळला, म्हणजे नाणे उडवून ठरवण्यापेक्षा थोडासाच जास्त. तीच वाक्ये आवाजात ऐकवली, तेव्हा हे प्रमाण ७३ टक्के होते. सामना हरलेल्या मुलाला मित्राने रात्री लिहिले, ‘वा, काय खेळलास काल!’ लिहिणाऱ्याच्या मनात खरेच कौतुक असेल, पण वाचणाऱ्याला ती टोचणी वाटू शकते, आणि उलटही होऊ शकते. लिहिणाऱ्याला आपला सूर आपल्या डोक्यात स्पष्ट ऐकू येत असल्यामुळे तो शब्दांबरोबर गेलेला नाही, हे त्याच्या लक्षातच येत नाही.

तेव्हा मुलाला ‘नीट वाग’ एवढेच सांगून भागत नाही. नीट वागण्यासाठी लागणाऱ्या खुणाच पडद्यावर गायब झालेल्या आहेत आणि त्या मनाने भरून काढायच्या आहेत, हे त्याला कोणी तरी दाखवून द्यावे लागते. माझ्या मते ऑनलाइन सभ्यतेच्या शिक्षणाचा गाभा हाच आहे. पासवर्ड, सेटिंग आणि नियमावली हे सगळे त्यानंतरचे.

लाइकच्या आकड्यांचा ओढा

त्यात किशोरवयाची भर पडते. विचारपूर्वक आवर घालण्याचे काम करणारा मेंदूचा पुढचा भाग पूर्ण तयार व्हायला विशीचा मध्य उजाडतो. समवयस्कांच्या कौतुकाने सुखावणारी यंत्रणा मात्र किशोरवयातच जोरात असते. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये तेरा ते अठरा वयाच्या ३२ मुलांना मेंदूचे स्कॅन सुरू असताना काही छायाचित्रे दाखवली. प्रत्येक छायाचित्राखालचा लाइकचा आकडा संशोधकांनीच ठरवलेला होता. तेच छायाचित्र भरपूर लाइकसह दिसले, तेव्हा मुलांनी त्याला लाइक देण्याची शक्यता वाढली. आकडा कमी असताना ती घटली. छायाचित्र बदलले नव्हते, आकडा बदलला होता. ग्रुपवर एखाद्याची थट्टा सुरू झाली आणि तिला दहा हसरे चेहरे मिळाले की अकरावा का येतो, याचे बरेचसे उत्तर इथे आहे.

गंमत कुठे संपते आणि छळ कुठे सुरू होतो?

वर्गातल्या एका मुलाचा जांभई देतानाचा फोटो कोणी तरी काढला आणि त्याचे स्टिकर केले. आधी दोघातिघांत फिरलेले ते स्टिकर नंतर वर्गाच्या ग्रुपवर आले. गणिताचा गृहपाठ विचारला की ते स्टिकर, उद्या सुट्टी आहे म्हटले की ते स्टिकर, कोणी काहीच बोलले नाही तरी ते स्टिकर. ज्याचा तो चेहरा, तो मुलगाही त्याखाली हसण्याची इमोजी टाकतो. पुढे प्रकरण शिक्षकांपर्यंत गेले की बाकीचे म्हणतात, ‘अहो, तो स्वतःही हसत होता.’ तो हसत होता, कारण त्या ग्रुपमध्ये हसला नसता तर ‘याला गंमतही कळत नाही’ हे दुसरे स्टिकर तयार झाले असते.

शालेय छळाच्या अभ्यासाचा पाया घालणारे डॅन ओल्वेयस यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या: त्रास देण्याचा हेतू, त्याची पुनरावृत्ती आणि दोन्ही बाजूंच्या बळातला फरक. ऑनलाइन छळात, ज्याला सायबरबुलिंग म्हणतात, या तिन्ही खुणा थोड्या बदलतात आणि म्हणूनच मुलांना त्या ओळखू येत नाहीत. स्टिकर बनवणाऱ्याने ते एकदाच पाठवलेले असते. पुनरावृत्ती इतर वीस जण करतात आणि त्यातल्या प्रत्येकाला आपण एकदाच पाठवले असे वाटते. बळ अंगात नसून संख्येत असते. हेतू तर प्रत्येक जण नाकारतो आणि बहुधा प्रामाणिकपणेच नाकारतो. शाळा सुटली की पूर्वी चिडवणेही तेवढ्यापुरते थांबत असे; आता ते रात्री उशाशी असलेल्या फोनवर चालू राहते.

त्यामुळे ‘हेतू काय होता’ याची चौकशी करण्यात फार वेळ घालवू नये. मुलांना विचारायचे प्रश्न दुसरे आहेत. ज्याच्याविषयी हे चालले आहे, त्याला ‘पुरे’ म्हणता येईल अशी जागा तुम्ही ठेवली आहे का? तो तसे म्हणाला, तर थांबाल का? आणि हेच तुम्ही त्याच्या आईच्या देखत कराल का? हे प्रश्न आठ-नऊ वर्षांच्या मुलालाही कळतात.

बघणाऱ्यांचे काय?

शाळांमधल्या कार्यक्रमांत बहुतेक वेळ छळणारा आणि छळला जाणारा यांच्यावर जातो. पण संख्येने सर्वांत जास्त असतात ते नुसते बघणारे. कॅनडामधील संशोधकांनी शाळेच्या मैदानावरच्या घटनांचे चित्रीकरण करून २००१ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. छळाच्या ८८ टक्के प्रसंगांत इतर मुले हजर होती, पण मध्ये पडली ती १९ टक्के प्रसंगांतच. जेव्हा मध्ये पडली, तेव्हा ५७ टक्के वेळा प्रकार दहा सेकंदांच्या आत थांबला. फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठात तयार झालेला आणि २००९ पासून देशभर वापरात आलेला ‘किवा’ हा शालेय उपक्रम मुख्यतः या बघणाऱ्यांच्या भूमिकेवरच उभा आहे.

हे निष्कर्ष मैदानावरचे आहेत. ते जसेच्या तसे फोनवर लागू होतील असे म्हणता येणार नाही. पण मुलाला शिकवण्याजोगे यात बरेच आहे. मध्ये पडायचे म्हणजे ग्रुपवर भाषण ठोकायचे, असे मुलांना वाटते आणि म्हणून ती गप्प बसतात. प्रत्यक्षात विषय बदलणे, हसण्याची इमोजी न टाकणे, ‘आता पुरे रे’ एवढेच लिहिणे, आणि सगळ्यांत सोपे म्हणजे ज्याची थट्टा होते आहे त्याला वेगळा निरोप पाठवून ‘ते मला आवडले नाही, तू बरा आहेस ना?’ असे विचारणे, हे सगळे मध्ये पडणेच आहे. शेवटचा उपाय कोणाला दिसतही नाही, त्यामुळे भित्र्या मुलालाही तो जमतो. ग्रुपमध्ये शंभर जण असतात आणि त्यातला एकही आपल्या बाजूचा नाही असे एखाद्याला वाटते, तेव्हा अशा एका निरोपाने बराच फरक पडतो.

मिटवले म्हणजे मिटले का?

ठरावीक वेळाने आपोआप नाहीसे होणारे निरोप आणि ‘फक्त मित्रांसाठी’ असलेले ग्रुप या दोन सोयींवर मुलांचा फार भरवसा असतो. स्नॅपचॅटने आपले निरोप कायमचे नाहीसे होतात असे सांगितले, हे दिशाभूल करणारे असल्याचा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने केला आणि २०१४ मध्ये कंपनीला तडजोड करावी लागली. कोणतेही ॲप घेतले तरी पडदा दिसतो आहे तोवर त्याचा स्क्रीनशॉट काढता येतो, आणि तोही अडवला तर दुसऱ्या फोनने फोटो काढता येतो. २०१७ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने प्रवेश मिळालेल्या किमान दहा विद्यार्थ्यांचे प्रवेश रद्द केले. त्यांनी फेसबुकवरच्या एका खासगी ग्रुपमध्ये अत्यंत आक्षेपार्ह मीम टाकली होती. ग्रुप खासगी होता, पण त्यातली माणसे बोलली.

अशा गोष्टी ऐकवून मुलांना नुसते घाबरवायचे का? इथे जरा सावध राहावे, असे मला वाटते. ‘एक चूक आणि आयुष्य संपले’ हा संदेश खरा नाही आणि तो धोकादायक आहे, कारण ज्याच्या हातून चूक झालेली असते ते मूल तो ऐकून अधिकच लपते. एखाद्या अल्पवयीन मुलाचे किंवा मुलीचे उघडे छायाचित्र पसरण्याची भीती असेल, तर अमेरिकेतील बेपत्ता आणि शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राची ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा इतर देशांतील मुलांनाही वापरता येते. त्यात छायाचित्र कोणाकडेही पाठवावे लागत नाही. फोनवरच त्या छायाचित्राची एक आकडेरूपी ओळखखूण तयार होते, जिला हॅश म्हणतात. फक्त ती खूण सहभागी कंपन्यांना जाते आणि तिच्याशी जुळणारे छायाचित्र त्यांच्या माध्यमांवर सापडल्यास त्यावर कारवाई होऊ शकते. अशी वाट आहे, हे मुलाला वेळ येण्याआधी ठाऊक असलेले बरे.

दुसऱ्याच्या छायाचित्राबाबतचा नियम मात्र लवकर आणि ठामपणे रुजवावा: ज्याचा चेहरा, त्याला विचारल्याशिवाय काढायचा नाही, पाठवायचा नाही, बदलायचा नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांमुळे हा शेवटचा शब्द महत्त्वाचा झाला आहे. स्पेनमधील अल्मेंद्रालेखो या गावात २०२३ मध्ये वीसहून अधिक मुलींची बनावट नग्न छायाचित्रे फिरली. त्यांच्या साध्या छायाचित्रांवरून एका ॲपने ती बनवली होती. अशा हुबेहूब बनावट चित्रांना डीपफेक म्हणतात. २०२४ मध्ये तिथल्या बाल न्यायालयाने पंधरा अल्पवयीन मुलांना एक वर्षाच्या देखरेखीची शिक्षा सुनावली. ती बनवायला काही मिनिटे लागली असतील. चित्र ‘खरे नव्हते’ हा बचाव चालला नाही, आणि चालूही नये.

पालकांना एक गैरसोयीची गोष्टही इथे सांगायला हवी. विचारल्याशिवाय फोटो टाकू नये हा नियम आपण मुलांना सांगतो आणि त्यांचे झोपेतले, रडतानाचे, गुणपत्रिका हातात धरलेले फोटो त्यांना न विचारता नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकतो. ‘हा टाकू का?’ असे आपण मुलाला विचारले आणि ते ‘नको’ म्हणाले की खरोखरच टाकला नाही, तर संमती या विषयावरचे अर्धे शिक्षण तिथेच होऊन जाते.

पुढे पाठवणे हेही बोलणेच

‘मी लिहिले नाही, फक्त पुढे पाठवले’ हे वाक्य मोठ्यांच्या तोंडीही असते. ट्विटरवर २००६ ते २०१७ या काळात फिरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्यांचा अभ्यास २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्क्यांनी अधिक होती, आणि तो प्रसार यंत्रांपेक्षा माणसांनीच केला होता. मुलांना शिकवायची युक्ती सोपी आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांना असे दिसले की, व्यावसायिक तथ्यतपासक अनोळखी मजकूर वाचत बसत नाहीत. ते चटकन बाहेर पडून दुसऱ्या टॅबमध्ये हे सांगणारा कोण आहे आणि इतर जण त्याविषयी काय म्हणतात, ते पाहतात. वर्गमित्राविषयीच्या अफवेलाही हाच नियम लावता येतो. तिथे दुसरा टॅब म्हणजे तो वर्गमित्र स्वतः.

‘मग फोनच देऊ नये, हे बरे नाही का?’

लहान वयात देऊ नये, याबद्दल फारसे दुमत नसावे; उशीर करण्यात काहीही गैर नाही. पण न देण्याने पुढचा प्रश्न सुटत नाही, तो पुढे ढकलला जातो. सोळाव्या वर्षापर्यंत काहीच न हाताळलेले मूल सोळाव्या वर्षी एकटेच शिकू लागते, आणि त्या वयात शेजारच्या आसनावर आई-बाबांना बसू देण्याची त्याची तयारी दहाव्या वर्षाइतकी नसते. त्यापेक्षा स्वतःचे खाते नसतानाच घरच्या फोनवरून, मोठ्यांच्या सोबतीने मावशीला निरोप लिहिणे, आजोबांशी व्हिडिओवर बोलणे, एखाद्या ग्रुपवर उत्तर देण्यापूर्वी ते मोठ्याने वाचणे अशी सवय लागली, तर बंदीचा काळ वाया जात नाही.

‘सगळे निरोप आम्ही तपासतो. मग काय हरकत आहे?’

लहान मुलाच्या बाबतीत, त्याला सांगून, हरकत नाही. मूल वाढेल तशी ही पाहणी कमी होत जायला हवी. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २०२१ मध्ये डिजिटल जगाविषयी जे भाष्य प्रसिद्ध केले, त्यात मुलांवरील पाळत सरसकट, नेहमीची किंवा त्यांच्या नकळत नसावी, असे म्हटले आहे. पण हक्कांचा मुद्दा बाजूला ठेवला, तरी पाळतीचा उपयोग किती, हा प्रश्न उरतोच. स्वीडनमधील स्टाटिन आणि केर या संशोधकांनी चौदा वर्षांच्या सातशेहून अधिक मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास करून २००० मध्ये दाखवून दिले की, मुलांच्या आयुष्याविषयी पालकांना जी माहिती असते, तिचा मोठा भाग मुलांनी आपणहून सांगितलेला असतो. चौकशा आणि निर्बंधांतून हाती लागणारे त्या मानाने थोडे. तो अभ्यास स्मार्टफोनच्या आधीचा आहे, पण त्याचे महत्त्व आज वाढले आहे, कारण दुसरे खाते काढायला मुलाला दोन मिनिटे लागतात.

याचा एक थेट परिणाम आहे. मुलाने येऊन सांगितले की ‘मला कोणी तरी घाणेरडे काही पाठवले’ आणि पालकांनी पहिली गोष्ट केली ती फोन काढून घेण्याची, तर मूल त्यातून एवढेच शिकते की सांगितले की फोन जातो. पुढच्या वेळी ते सांगणार नाही, आणि पुढची वेळ कदाचित अधिक गंभीर असेल. आणीबाणीच्या वेळी फोन काढून घेणे आवश्यक असेलही. पण मदत मागितल्याची शिक्षा म्हणून तो कधीच जाता कामा नये, आणि हे मुलाला आधीच शब्दांत सांगून ठेवावे.

‘खरी नावे सक्तीची केली की सगळे सुधारतील’

दक्षिण कोरियाने हे करून पाहिले. २००७ पासून मोठ्या संकेतस्थळांवर लिहिण्यापूर्वी खरी ओळख पटवणे तिथे बंधनकारक झाले. उर्मटपणात म्हणण्याजोगी घट दिसली नाही. उलट २०११ मध्ये दोन लोकप्रिय सेवांमधून सुमारे साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली, आणि २०१२ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ही तरतूद रद्द केली. हैफाच्या प्रयोगाशी हे जुळते. नाव कळल्याने चेहरा दिसत नाही.

थांबण्याची सवय

मग करायचे काय, या प्रश्नाचे सर्वांत भरवशाचे उत्तर फार साधे आहे: लिहिणे आणि पाठवणे यांच्यात थोडा वेळ जाऊ देणे. ट्विटरने आक्षेपार्ह वाटणारे उत्तर पाठवण्यापूर्वी ‘एकदा पाहून घ्यायचे का?’ असे विचारणारी सूचना दाखवायला सुरुवात केली, तेव्हा ३४ टक्के वेळा लोकांनी मजकूर बदलला किंवा पाठवलाच नाही, असे कंपनीने २०२१ मध्ये सांगितले. ही आकडेवारी कंपनीची स्वतःची आहे, हे ध्यानात ठेवूनही ती आशादायक आहे, कारण कोणी काहीही शिकवले नव्हते, फक्त क्षणभर अडवले होते.

घरात हेच मुलाबरोबर करता येते. रागाच्या भरात लिहिलेला निरोप पाठवण्यापूर्वी मोठ्याने वाचायचा, आणि तोही ज्याला पाठवायचा त्याचा फोटो समोर ठेवून. गेलेला सूर आणि गेलेला चेहरा, दोन्ही थोडे थोडे परत येतात. अर्थात मुलाला हे सांगणारी आई किंवा बाबा स्वतः सोसायटीच्या किंवा कुटुंबाच्या ग्रुपवर रात्री अकरा वाजता तावातावाने टाइप करत असतील, तर मूल काय शिकेल हे सांगायला नको.

आणि त्रास देणारे मूल आपलेच असेल तर?

या विषयावरचा बहुतेक सल्ला आपले मूल छळाला बळी पडेल, असे धरून लिहिलेला असतो. स्टिकरच्या त्या प्रसंगात बळी एक होता आणि पाठवणारे वीस. म्हणजे शाळेतून फोन आला, तर तो या दुसऱ्या कारणासाठी येण्याचा संभवच अधिक.

अशा वेळी पहिली इच्छा होते सगळे मिटवून टाकण्याची, ती आवरावी. काय घडले हे कळण्यासाठी मूळ संभाषण हाताशी असायला हवे; ते मुलाबरोबर बसून, आरडाओरडा न करता, वरपासून खालपर्यंत वाचावे. अपवाद नग्न छायाचित्रांचा: ती जपून ठेवणे किंवा ‘पुरावा’ म्हणून पुढे पाठवणे हा अनेक देशांत स्वतंत्र गुन्हा आहे, तिथे काय करावे हे पोलिसांना किंवा बालसाहाय्य यंत्रणेला विचारावे. वाचताना ‘हे वाचून त्याला काय वाटले असेल?’ हा प्रश्न प्रत्येक ओळीवर थांबून विचारता येतो, आणि तिसऱ्या-चौथ्या ओळीपर्यंत ‘सगळेच करत होते’ हा बचाव बराचसा दुबळा होतो.

माफी मागायची तर ती जिथे अपमान झाला तिथेच मागावी. वीस जणांसमोर केलेल्या थट्टेची माफी गुपचूप मागितली, तर उरलेल्या एकोणीस जणांसाठी ती थट्टा तशीच राहते. माफीचा मजकूर पालकांनी लिहून देऊ नये. मुलाने अडखळत लिहिलेल्या दोन ओळी पुरेशा असतात. ‘तुला वाईट वाटले असेल तर माफ कर’ हे वाक्य मात्र चालवून घेऊ नये, कारण त्यात दोष समोरच्याच्या वाटण्यावर जातो. ‘मी तुझा फोटो न विचारता वापरला, ते चुकले, मी स्टिकर काढून टाकले आहे आणि बाकीच्यांनीही काढावे’ यात काय केले, काय चुकले आणि आता काय दुरुस्त केले, हे तिन्ही आले. त्यानंतर दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष भेटून बोलणे मुलाला सर्वांत अवघड जाईल. समोरचा मुलगा लगेच माफ करेल असे नाही, कदाचित तो बोलणारही नाही, आणि तसे झाले तर पुन्हा पुन्हा निरोप पाठवून त्याच्यामागे लागायचे नाही, हेही भेटीआधीच सांगून ठेवावे.